साखर कशाने उतरली?

मधुमेहावरील चिनी वनौषधींच्या २००४ मधील कॉक्रेन समीक्षेत ६६ चाचण्या व ८,३०२ रुग्ण होते. आकडे भारदस्त, पद्धतीचा दर्जा मात्र बहुतांशी सुमार. २००९ मध्ये चिनी संशोधकांनीच वीस आजारांवरील ‘यादृच्छिक’ म्हणवणाऱ्या ३,१३७ चाचण्या निवडून २,२३५ लेखकांना दूरध्वनीवरून विचारले: रुग्णांची विभागणी नेमकी कशी केली? कसोटीस उतरल्या अवघ्या २०७. स्वतःच्या घरची अशी झडती विरळाच.

औषधात काय होते, हा प्रश्न अधिक बिकट. ‘शियाओके’ गोळीत वनस्पतींसोबत ग्लिबेनक्लामाइड हे आधुनिक औषधही असते; मात्रा नोंदवली नाही, तर श्रेय कोणाचे? आयुर्वेदिक मिश्रणांच्या चाचण्यांनाही हा प्रश्न चुकत नाही. चिनी मिश्रणांतील प्रत्येक घटकाचे नाव, उगम व मात्रा लिहावी, असे सांगणारी कॉन्सॉर्टची पुरवणी २०१७ मध्ये आली.