मालवणचे आरमार (करवीर)

करवीर (कोल्हापूर) छत्रपतींचे अठराव्या शतकातील आरमार. मुख्य ठाणे सिंधुदुर्ग. मराठी आरमाराचा इतिहास बहुधा आंग्र्यांपाशी संपवला जातो. १७५६ मध्ये आंग्र्यांचा विजयदुर्ग पडल्यावरही मालवणचे पाणी, १७६५-६६ चा खंड सोडता, ५६ वर्षे करवीरकडे होते.

ठाणे : मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे त्याचे साथीदार किल्ले. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भर समुद्रातला किल्ला लढवता येई तो त्यांच्या जोरावर. शिवराजेश्वर मंदिरही येथेच आहे. वारणेच्या तहाने (१७३१) सातारा व करवीर ही राज्ये वेगळी झाली आणि मालवण करवीरकडे राहिले.

जहाजे : गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) व गलबते (लहान, वेगवान जहाजे).

इंग्रजांशी संघर्ष : १७६५ मध्ये मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांच्या मोहिमेने सिंधुदुर्ग घेतला. इंग्रजांनी त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे बारसेही केले. पण किल्ला राखणे परवडेना आणि पाडणे सोपे नव्हते. तेव्हा करवीरच्या राणी जिजाबाईंशी तह करून, युद्धखर्चाची भरपाई (सुमारे पावणेचार लाख रुपये) ठरवून १७६६ मध्ये तो परत दिला. पतीमागे पन्हाळ्यावरून कारभार पाहणाऱ्या या राणीची समुद्रावरील बाजू अभ्यासकांनी जवळजवळ सोडूनच दिली आहे. १७९२ च्या करवीर-इंग्रज तहात व्यापाऱ्यांना भरपाई व इंग्रजांना वखारींची परवानगी ही कलमे होती.

प्रतिमा : ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत करवीरचे खलाशी सरसकट ‘मालवणचे चाचे’. परवान्यावाचून जाणारे जहाज पोर्तुगीजही पकडत. त्यांचा परवाना मात्र ‘कार्ताझ’ म्हणून सन्मानाने नोंदला गेला.  करवीरच्या खलाशांनी लूट केली नाही, असा याचा अर्थ नव्हे. कोणती पकड हक्काची व कोणती लुटीची, हे प्रत्येक प्रकरणी वेगळे तपासावे लागते.

अखेर : १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण बंदर व तेथील किल्ले इंग्रजांकडे गेले. करवीर राज्याला त्यानंतर समुद्रकिनारा उरला नाही.