बाळ पेटीत, आई बाहेर : सुरतेत अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि आईचा ताण

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खान्देशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. तिथे 'बाळाला पेटीत ठेवलंय' एवढं फोनवर सांगितलं की नंदुरबार-धुळ्याकडच्या नातेवाइकांना पुढचं समजतं. काचेची पेटी, नाकात नळी, आणि भेटायला ठरलेली वेळ. बाळाचं वजन किती, डॉक्टर काय म्हणाले, बिल किती झालं, हे सगळे विचारतात. बाहेरच्या बाकावर बसलेल्या ओल्या बाळंतिणीचं काय चाललंय, हे मात्र फार थोडे विचारतात.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांवर एकट्या भारतात. रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळं, रक्त कमी असणं ही काही कारणं आहेत. पण बऱ्याच वेळा नेमकं कारण सापडतच नाही. हे घरातल्या प्रत्येकाने नीट ऐकायला हवं, कारण 'तूच जड उचललं असशील' हे वाक्य आईला पहिल्या दिवसापासून ऐकावं लागतं.

ताण नेमका कशाचा?

नवजात अतिदक्षता विभागातल्या पालकांचा ताण मोजायची एक प्रश्नावली १९९३ पासून जगभर वापरली जाते. त्यात तीन गोष्टी पाहतात : तिथली यंत्रं आणि आवाज, बाळाचं दिसणं-वागणं, आणि आई म्हणून आपल्या हातात काहीच न राहणं. वेगवेगळ्या देशांत ती वापरली गेली, तेव्हा तिसरा ताण बहुतेक वेळा सगळ्यात जास्त निघाला. यंत्राच्या टूं-टूंची सवय होते. पण आपलं बाळ आपण घ्यायचं नाही, पाजायचं नाही, नर्स म्हणेल तेव्हा बघायचं, हे पचत नाही.

सुरतेत त्यात आणखी भर पडते. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. बाळ सातव्या-आठव्या महिन्यात आलं, की माहेरी जायच्या आधीच सगळं घडून जातं. आई नंदुरबारला, सासू शहाद्याला, आणि इथे दहा बाय दहाच्या खोलीत नवरा-बायको. नवरा संचा खात्यात बारा तासांच्या पाळीवर. खाडा झाला की पगार कापला. मग दवाखान्यात थांबायचं कुणी? उलटही होतं : नवापूर-नंदुरबारकडून बाळ सुरतेला पाठवलं जातं आणि टाके न सुकलेली आई तिकडेच राहते.

लोक बोलतात त्याचाही त्रास आहेच. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' हे गुजरातीतही ऐकायला मिळतं आणि आपल्याकडेही. यात तथ्य नाही. पोटात जितके जास्त दिवस, तितकी जगण्याची शक्यता जास्त. त्यातून मुलगी झाली असेल तर बोलणं अजून वाढतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा अभ्यास केला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. नवऱ्याची मारहाण, गरिबी आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध दिसला. हा अभ्यास सगळ्याच बाळंतिणींचा होता. बाळ पेटीत असलेल्या आईवरचं ओझं याहून जास्तच असतं.

छातीशी धरणं

आईच्या हातात काही द्यायचं तर पहिला उपाय कांगारू पद्धत. फक्त लंगोट-टोपी घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून कापड. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून हे सुरू झालं. भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात एक ते सुमारे १.८ किलोच्या बाळांना, तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच असं धरलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला : २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईला बाळाच्याच विभागात खाट दिली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास ही पद्धत वापरण्याची शिफारस केली.

आठ तास एकट्या बाईला जमत नाही. बाप, आजी, मावशी कुणीही धरू शकतं. २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी नवजात विभागांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. हात धुणं, स्वच्छता, दूध पाजणं, बाळ धरणं हे नातेवाइकांना शिकवायचं असं त्यात आहे. तेव्हा 'आम्हाला आत येऊन शिकता येईल का?' असं विचारायला लाजू नका. बापाने पाळी संपल्यावर येऊन दोन तास बाळ धरलं, तर तेवढा वेळ बाई झोपते. माझ्या मते डिंकाच्या लाडवांच्या डब्याआधी तिला ही झोप द्यावी.

दूध

साधारण ३४ आठवड्यांआधी बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. म्हणून दूध काढून नळीने, नंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देतात. दिवसरात्र मिळून आठेक वेळा काढावं लागतं. दडपणाखाली पान्हा लवकर सुटत नाही, मग 'हिला दूधच नाही' असा शिक्का बसतो. बाळाजवळ बसून काढलं तर बऱ्याचदा जास्त येतं. तरी कमी पडलं तर दूध बँक असते. महापालिकेच्या उमरवाड्यातल्या स्मीमेर रुग्णालयात ती आहे. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. आशियातली पहिली अशी बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दुसरीचं दूध घेण्यात कमीपणा काहीच नाही.

पैसा

सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार आणि ने-आण हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा हक्क आहे. सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही दोन मोठी ठिकाणं. आयुष्मान कार्ड महाराष्ट्रातलं असलं तरी योजनेत असलेल्या गुजरातच्या रुग्णालयात चालतं. भरती होतानाच दाखवा, बिल झाल्यावर नाही. नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आजारपण आलं तर पुराव्यानिशी आणखी एक महिना. पण घरी बसून साडीला टिकी लावणारी, धागा कटिंग करणारी बाई यात कुठेच बसत नाही. आपल्या वस्त्यांत अशाच बायका जास्त.

रडू कधी साधं, कधी नाही

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं बहुतेकींना होतं, ओसरतं. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, बाळाकडे बघवत नाही, 'मी नसते तर बरं' असं बोलते, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. जिवाचं बोलणं असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी सांगा आणि तिला एकटं ठेवू नका. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं आणि गुजरातीतही.

सुट्टी मिळाल्यावर

बाळाला सुट्टी मिळाली की बहुतेक कुटुंबं आठवडाभरात गाडी पकडून गावी जातात. तिथे माणसं असतात, आईला आराम मिळतो, ते बरोबरच आहे. पण नवापूर ओलांडलं की आशाताई बदलते, दप्तर बदलतं, आणि बाळ दोन्हीकडच्या यादीतून सुटू शकतं. निघण्याआधी गावच्या आशाताईंना फोन करून बाळाची नोंद करून ठेवा. त्यांच्या घरभेटी ४२ दिवसांपर्यंत आणि पुढे १५ महिन्यांपर्यंत ठरलेल्या आहेत. डिस्चार्ज कार्ड गुजरातीत असेल तर वजन, किती आठवड्यांचं बाळ, कोणती औषधं, हे डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

सगळ्यात जास्त चुकते ती डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी व्हावी लागते, फार लहान बाळाची त्याहून लवकर. वेळेत कळलं तर लेझरने दृष्टी वाचवता येते. सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचं नाही, ही रीत इथे आड येते, कारण सव्वा महिना म्हणजे ३० दिवस उलटून गेले. तारीख सुट्टीच्या कार्डावर लिहून घ्या आणि शक्य असेल तर तपासणी करूनच सुरत सोडा.