कुत्र्याला 'नैसर्गिक' कॅल्शियम : कधी द्यावं, कधी नको?

मुधोळचा हाउंड असो, लॅब्राडॉर असो की शेतावरचं गावठी कुत्रं. हाडं मजबूत व्हावीत म्हणून त्याच्या खाण्यात अंड्याच्या टरफलाची पूड, कॅल्शियमची पावडर नाहीतर समुद्री शेवाळाची भुकटी घालणारे बरेच आहेत. 'नैसर्गिकच आहे, काय होतंय?' म्हणत चमचाभर जास्त पडतं. घोळ तिथंच होतो.

कमी पडलं तर
खाण्यात फॉस्फरस १ भाग असेल तर कॅल्शियम साधारण १ ते २ भाग लागतं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. अशा खाण्यावर वाढणाऱ्या पिल्लाचं शरीर स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. पाय वाकतात, हाडं सहज मोडतात. इथं पुरवणी लागतेच. एका अंड्याच्या टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं.

जास्त झालं तर
लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. साधारण ६ महिन्यांपर्यंत ते मोठ्या प्रमाणात रक्तात जातं. ग्रेट डेन, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत यामुळे हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. म्हणजे लंगडू नये म्हणून दिलेली पावडरच लंगडं करते.

कातडीवरही परिणाम
भाकरी-चपातीतलं फायटेट आणि जादा कॅल्शियम, दोन्ही जस्त अंगी लागू देत नाहीत. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती केस जातात, खपल्या धरतात. आपण मात्र खरूज समजून मलम लावत बसतो.

शेवाळात आयोडीन असतं. ते जास्त गेलं तर थायरॉईड बिघडू शकतं. माणसांच्या लोहाच्या गोळ्या तर देऊच नका, विषबाधा होते.

मग करायचं काय?
• वयाला योग्य असं 'संपूर्ण आहार' लिहिलेलं तयार खाद्य देत असाल तर वरून काही घालू नका.
• घरचं खाणं असेल तर पुरवणीचं माप वय, वजन आणि जातीप्रमाणे पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.
• शिजवलेली हाडं टाळा. त्यांचे टोकदार तुकडे घशात, आतड्यात रुततात.

पिल्लू लंगडत असेल, उठताना कण्हत असेल तर पावडर वाढवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि रोज काय, किती घालता ते नीट सांगा. निम्मं निदान त्यातच होतं.