लूट, स्वारी आणि दुभाष्या

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या सुमारास आमची नात शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला. मधल्या सुट्टीत वर्गातली एक मैत्रीण तिला म्हणाली होती, "तमारा शिवाजीए अमारुं सुरत लूंट्युं हतुं!" नातीने मला विचारले, "आजोबा, आपण लुटणारे की लुटले गेलेले?"

प्रश्न मुलीचा असला तरी पोरकट नव्हता. आमचे वडील १९५७ साली खानदेशातून सुरतेला आले तेव्हा ते परराज्यात आले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरत आणि दोन्ही खानदेश एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. १ मे १९६० रोजी सीमा आखली गेली. वडील जागचे हलले नाहीत, राज्य मात्र हलले. नातीचा जन्म तर सुरतेचाच. ती रागावते मराठीत आणि पाढे म्हणते गुजरातीत. 'तमारा' आणि 'अमारुं' या दोन शब्दांनी त्या दिवशी तिचे दोन तुकडे केले होते.

मी तिला आधी तेच सांगितले, जे मला लहानपणी सांगितले गेले होते : ती लूट नव्हे, स्वारी होती; महाराजांनी मोगलांची सुरत बेसुरत केली. ती गप्प बसली. पण एका पाठांतराला आपण दुसऱ्या पाठांतराने उत्तर दिले, ही रुखरुख माझ्या मनातून जाईना. तिच्यामुळेच मी एका विचाराकडे पुन्हा वळलो. आपल्याकडे त्याला उत्तर-आधुनिकता असे जडजंबाल नाव आहे.

वाचकहो, नावाला भिऊ नका. एकोणिसाव्या शतकात समाजशास्त्र जन्माला आले ते मोठ्या आत्मविश्वासाने. ऑगस्ट कोंतला वाटले, निसर्गाप्रमाणे समाजालाही नियम असतात आणि मानवजात ठरलेल्या तीन अवस्थांतून पुढे जाते. मार्क्सने इतिहासाची किल्ली वर्गसंघर्षात शोधली. वाटा वेगळ्या, परंतु सगळ्यांची मिळून एकच मोठी कथा आहे आणि ती सांगता येईल असा उंचवटाही कुठेतरी आहे, ही श्रद्धा समान. १९७९ साली ज्यां-फ्रांस्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंताने कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरकारसाठी ज्ञानाच्या स्थितीवर एक अहवाल लिहिला. अशा 'महाकथनां'वरून माणसांचा विश्वास उडाला आहे, असे निदान त्याने त्यात केले. मिशेल फूको त्याआधीपासून सांगत होताच, की ज्ञान आणि सत्ता यांचे साटेलोटे असते; काय बोलावे, कोणी बोलावे आणि कोणते बोलणे खरे मानावे, हे सत्तेच्या व्यवहारात ठरत असते. तेव्हा या दृष्टीने समाजाकडे पाहणारा आधी विचारतो : हे कोण सांगतो आहे? कुठे उभा राहून? कोणासाठी? आणि काय गाळून?

हेच चार प्रश्न आपण १६६४ च्या सुरतेला विचारून पाहू.

घटना एवढी : जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात महाराज सैन्यासह सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उतरले. शहराच्या बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी, असा निरोप गेला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. उत्तर आले नाही. मग चार दिवस शहर लुटले गेले आणि जळत राहिले. वीरजी व्होरा या धनाढ्य जैन सावकाराचा वाडाही त्यात गेला. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले.

आता सांगणारे पाहा. इंग्रजांची वखार जॉर्ज ऑक्झिंडेनने राखली. त्याबद्दल त्याचा गौरव झाला आणि औरंगजेबाकडून कंपनीला जकातीत सवलत मिळाली. त्यांच्या पत्रांत तारखा, रकमा, आगीचे वर्णन सारे आहे. पण आपल्या शौर्याचा हिशेब मालकांपुढे मांडणाऱ्या नोकरांची ती पत्रे आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती १६९४ साली, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. स्वराज्य संकटात असताना थोरल्या महाराजांचा पराक्रम आठवणे हे तिचे काम. त्यात सुरत हा पराक्रमच असणार. मोगलांच्या लेखी हा बंडखोराचा उपद्रव. एकच घटना, एका कागदावर लूट, दुसऱ्यावर मोहीम, तिसऱ्यावर बंड.

गाळलेलेही पाहावे. सुभेदाराने बोलणी करायला पाठविलेल्या माणसाने महाराजांवरच हत्यार चालविले, ही हकीकत 'लूट' सांगणारे सहसा सांगत नाहीत. त्यानंतर काही कैद्यांचे हात तोडले गेले, ही इंग्रजांनी नोंदविलेली हकीकत 'स्वारी' सांगणारे सांगत नाहीत. शाएस्ताखान पुण्यात तीन वर्षे ठाण मांडून बसला, मुलूख उजाड झाला, आणि बादशहामुळे फौज बाळगावी लागते तर तिचा खर्च त्याच्या प्रजेने द्यावा, असे महाराजांचे पुढे म्हणणे होते, हे सुरतेच्या वर्गात कोणी शिकवीत नाही. आणि ज्यांनी खर्च भरला त्यांनी पुणे उजाड केले नव्हते, हे आपल्या वर्गात कोणी शिकवीत नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो मात्र आणखी एक तपशील. शहरावर संकट येताच श्रीमंतांनी किल्लेदाराला पैसे चारून किल्ल्यात आसरा मिळविला; बाकीची माणसे बायकामुलांसह होड्यांतून तापीपार पळाली. तो किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. होडीतल्या माणसांची बखर मात्र कोणी लिहिली नाही. विणकर, नावाडी, हमाल यांचे १६६४ आपल्याला दुसऱ्यांच्या पत्रांच्या कडेकडेने वाचावे लागते. 'तमारा' आणि 'अमारुं' या दोन्ही शब्दांत ती माणसे बसत नाहीत.

येथे एक धोक्याचा दिवा लावून ठेवतो. सगळीच कथने आहेत तर सगळी सारखीच खरी, असा सोयीचा अर्थ या विचारातून पुष्कळांनी काढला. तसे असते तर आग लागलीच नाही असे म्हणणारा आणि आगीत घर गेलेला, दोघे एका पायरीवर बसले असते. आग लागली होती. तिला काय म्हणायचे यावर वाद घालता येतो. ती लागली यावर नाही. २०२४ साली महाराष्ट्रातच 'लूट' या शब्दावरून राजकीय वादंग झाले, तेव्हा हा फरक दोन्हीकडचे विसरले, असे मला वाटले.

मग अभ्यासकाचे काम काय? पोलंड सोडावे लागलेले आणि इंग्लंडात स्थिरावलेले समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाऊमन यांनी १९८७ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव मराठीत 'कायदे घालून देणारे आणि दुभाषी' असे होईल. पूर्वीचा विचारवंत कायदे घालून देणारा होता. खरे काय याचा निवाडा तो देई. आताच्या काळात त्याचे काम दुभाष्याचे : एका समाजाचे म्हणणे दुसऱ्याला, विकृत होऊ न देता, समजावून देणे.

हे वाचले आणि मला हसू आले. हे काम आपण सीमेवरची माणसे भाजीबाजारात आणि लग्नाच्या बैठकीत रोज करतो. सुरत–भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्टेशनात एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आहे, काही गुजरातेत. तिथल्या बाकावर बसलेल्याला 'तू कुठला?' असे विचारणे किती फोल आहे, हे त्या बाकाइतके कुणी जाणत नाही.

पुढच्या रविवारी मी नातीला तापीकाठी नेले. किल्ला दाखविला, नदी दाखविली, आणि दोन्ही गोष्टी दोन्ही भाषांत सांगितल्या, होडीतल्या माणसांचीसुद्धा. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, हे मी तिला गुजरातीत सांगू?"

मी म्हटले, "सांग. पण हात तोडल्याचेही सांग आणि हत्यार चालविल्याचेही. निम्मे सांगशील तर दुभाषी नव्हेस, वकील होशील."