समुद्रात वाट कोणी द्यायची?

कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा आहे. तरीही शहराच्या टाउन हॉल संग्रहालयात एक समुद्रदेव उभा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तिथे सापडलेली ही पोसायडन या ग्रीक देवाची लहानशी कांस्यमूर्ती. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी जो व्यापार चालला, त्याच्या वाटेने हा देव समुद्र ओलांडून, घाट चढून पंचगंगेपर्यंत आला.

त्या व्यापाराची हकिगत सांगणारं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक पुस्तक पहिल्या शतकातलं. त्यात नर्मदेच्या मुखाचं वर्णन आहे. तिथे उथळ पाणी, वाळूचे दांडे आणि अंगावर धावून येणारी भरती. परक्या जहाजांचा तिथे घात होऊ नये म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन बऱ्याच दूरवर सामोरे जात, आलेल्या जहाजांना दोर लावत आणि भरतीची वेळ साधून ठरलेल्या जागांवर थांबत थांबत भडोचच्या बंदरात आणत. जहाज सुखरूप आत आणणं हे राज्यकर्त्याचं काम आहे आणि ते किनाऱ्यावरच्या माहीतगार माणसाकडूनच करून घ्यायचं असतं, या समजुतीची पश्चिम किनाऱ्यावरची ही फार जुनी नोंद आहे.

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींकडे तर पुढे प्रत्यक्ष समुद्रच आला. १७३१च्या वारणेच्या तहाने साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात राज्याच्या हद्दी ठरल्या. साळशीपासून दक्षिणेकडचा कोकणपट्टा कोल्हापूरकडे आला. मालवण हे करवीरचं बंदर झालं आणि सिंधुदुर्ग करवीरचा जलदुर्ग. कोल्हापूरचं स्वतःचं आरमार होतं, ही गोष्ट आज कोल्हापुरातही क्वचितच कोणाच्या बोलण्यात येते. रंकाळा, कुस्ती आणि गुळाच्या गप्पांत ती कुठेतरी मागे पडली आहे.

या आरमारामागचा विचार मात्र तहाच्याही आधी कागदावर उतरला होता. रामचंद्र नीलकंठ, म्हणजे बावडेकर पंत अमात्य, यांनी १७१५च्या सुमारास करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावे ‘आज्ञापत्र’ लिहिलं. अमात्यांची जहागीर गगनबावड्याची. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली कोकण पसरलेलं दिसतं. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीपासून कारभार पाहिलेल्या या माणसाने किल्ले, वतनं, सावकार यांच्या जोडीला आरमारावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे असं तो ठामपणे मांडतो, आणि मग थेट लाकडात, दोरात, वाऱ्यात उतरतो.

गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, बांधायच्या त्या मध्यम बांधायच्या. फार थोर जहाज नको, कारण वारा पडला की ते जागचं हलत नाही. पावसाळा तोंडावर आला की दहा-पंधरा दिवस आधीच जहाजं किनाऱ्यावर ओढून घ्यायची, तीही किल्ल्याच्या आश्रयाला. आणि दर वर्षी त्याच बंदरात नाही, म्हणजे एकाच गावच्या रयतेवर भार पडणार नाही. सागवान तोडायचं ते हुकूम घेऊन. आंबा-फणसाला धन्याच्या मर्जीशिवाय हात लावायचा नाही, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. व्यापाऱ्याचं जहाज दिसलं तर त्याची चौकशी करायची, त्याला उपद्रव द्यायचा नाही. वारा शत्रूच्या बाजूने असेल तर हट्टाने भिडायचं नाही. आपलं आरमार सांभाळून किल्ल्याच्या आसऱ्याला यायचं. आणि शत्रूने हार खाऊन कौल मागितला तरी एकदम त्याच्या जहाजाला आपलं जहाज लावायचं नाही. अंतर राखून उभं राहायचं आणि त्याच्या मुख्य माणसाला होडीने आपल्याकडे आणवायचं, कारण जवळ गेल्यावर दगा होऊ शकतो.

यात टक्कर टाळण्याचं वेगळं कलम नाही. पण टकरी ज्या कारणांनी होतात, त्या सगळ्यांवर अमात्यांचं बोट आहे: वेळेला वळत नाही असं जहाज, चुकीच्या ऋतूत समुद्रात असणं, वाऱ्याचा अंदाज चुकणं, आणि गरजेपेक्षा जवळ जाणं. डोंगरावरच्या कारभाऱ्याने हे इतकं नेमकं लिहिलं ते दर्यावर्दींचं ऐकून घेतलं असल्याशिवाय शक्यच नाही.

मालवणच्या पाण्यात ही जाण पदोपदी लागते. कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, ती जागाच खडकांच्या वेढ्यातली. काही खडक ओहोटीला डोकं वर काढतात, काही कधीच दिसत नाहीत. पाण्याचा रंग आणि फुटणारी लाट पाहून ते ओळखायचे असतात. परक्या जहाजासाठी हा सापळा होता, तर स्थानिक तांडेलासाठी पायाखालची वाट. खडकांच्या मधली नाळ इतकी अरुंद, की समोरून येणाऱ्याला आधी बाहेर पडू देणं हाच शहाणपणा.

शिडांच्या काळात कोकण किनाऱ्यावरची बरीचशी रहदारी वाऱ्यानेच लावून दिलेली असे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला की होड्या बाहेर पडत, दुपारनंतर खारा वारा आला की परतत. एका वेळी बहुतेक शिडं एकाच अंगाला तोंड करून चाललेली असत. घाटावरचा माल अणुस्कुरा आणि फोंडा घाटांनी राजापूर, खारेपाटण अशा बंदरांकडे उतरे. १८९१ साली रेल्वे कोल्हापुरात पोचेपर्यंत या शहराच्या व्यापाराचा एक दरवाजा समुद्राकडेच होता.

करवीरच्या हातून तो समुद्र गेला इंग्रजांमुळे. १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी मोबदला घेऊन परत केला. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेबांच्या हाती होता. इंग्रजांची तक्रार एकच, मालवणची जहाजं व्यापारी गलबतं लुटतात. ती निराधार नव्हती. व्यापाऱ्याला त्रास देऊ नये हे अमात्यांचं सांगणं त्यांच्याच राज्यात पाळलं गेलं नाही. १८१२च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले आणि सशस्त्र जहाजं बाळगण्याचा हक्कही कोल्हापूरने सोडला.

त्यानंतर अठराच वर्षांनी, १८३० साली, मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. वाफेने समुद्रावरचा जुना हिशेबच मोडला. वाऱ्याच्या तोंडावर चालून जाणारं जहाज आता कुठूनही, कोणत्याही वेळी समोर येऊ शकत होतं. शिडाच्या तांडेलाला समोरच्या जहाजाची शिडं पाहून त्याचा पुढचा डाव ओळखता येई. आगबोटीचा धूर पाहून काहीच कळत नसे. १८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये आगबोटींसाठी नियम आणि दिवे ठरू लागले. १८६३ साली ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून एक नियमावली मान्य केली आणि लवकरच इतर अनेक दर्यावर्दी देशांनी ती उचलली. १८८९च्या वॉशिंग्टन परिषदेने ती आणखी घडवली. आज जगभर चालते ती १९७२ची लंडनची नियमावली, १५ जुलै १९७७पासून अमलात आलेली. भारताने आपले त्यासंबंधीचे विनियम १९७५ साली केले.

या नियमांचा गाभा साधा आहे. दोन यांत्रिक जहाजं समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आडव्या वाटा येत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे, त्याने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने, तो कोणीही असो, बाजूने जायचं. इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची आणि दोघांनीही जाळी टाकून बसलेल्या मच्छीमाराला. दोन शिडवाल्यांत ज्याच्या डाव्या अंगाने वारा येतो त्याने. वारा एकाच अंगाने असेल तर वाऱ्याकडच्या जहाजाने, कारण हलायला मोकळीक त्याला जास्त असते. वाट द्यायची ती लवकर, आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल इतकं मोठं वळण घेऊन.

टक्कर होणार का, हे ओळखायची रीत तर रडारच्या कितीतरी आधीची. रात्री दूर एक दिवा दिसला की सुकाणू सरळ धरून तो आपल्या होडीच्या एखाद्या दोराच्या किंवा डोलकाठीच्या रेषेत धरायचा आणि थोडा वेळ पाहत राहायचं. दिवा त्या रेषेच्या पुढे किंवा मागे सरकला तर निभावलं. जागचा हलला नाही आणि नुसताच मोठा होत गेला, तर दोन्ही जहाजं एकाच जागी पोचणार आहेत. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्याला हिरवा. दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट आपल्यावर येत आहे.

इतकं सगळं लिहिलेलं असूनही टकरी होतात, आणि होतात त्या बहुधा दाटीच्या पाण्यात. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी जेएनपीटीतून बाहेर निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारं ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलली, कंटेनर पाण्यात पडले, तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला आणि देशातली दोन मोठी बंदरं काही दिवस अडकून पडली. पुढच्याच जानेवारीत, ३० तारखेला, नौदलाची ‘विंध्यगिरी’ ही फ्रिगेट मुंबई बंदरातच ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी धडकली आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसं गेली. ‘नीलकमल’वरच्यांना तर ती येताना दिसत होती. वळायला, थांबायला हातात वेळच उरला नाही.

मोठ्या जहाजांच्या बातम्या होतात. मच्छीमाराची होडी बुडाली तर बातमी दोन दिवस टिकते. जहाजांच्या आणि मासेमारीच्या वाटा वेगळ्या राहाव्यात म्हणून केंद्र सरकारने नैर्ऋत्य किनाऱ्यासाठी १ ऑगस्ट २०२०पासून मार्ग आखून दिले. तरीही एप्रिल २०२१मध्ये मंगळूरजवळच्या समुद्रात ‘रबाह’ या होडीची ‘एपीएल ल हाव्र’ या कंटेनर जहाजाशी टक्कर झाली. होडीवर १४ जण होते, त्यातल्या दोघांनाच जिवंत बाहेर काढता आलं. जिथून जहाज चालवतात त्या ब्रिजवरून लहान होडीचा मिणमिणता दिवा लाटांत हरवतो, आणि जाळं सोडलेल्या होडीला चटकन बाजूला होता येत नाही. नियम मच्छीमाराच्या बाजूने आहे. समुद्रावर त्याचा उपयोग मात्र त्याला वेळेवर पाहणारं कोणी ब्रिजवर जागं असेल तरच. म्हणून आधुनिक नियमावलीतही पहिल्या कलमांमध्येच डोळ्यांनी आणि कानांनी सतत लक्ष ठेवण्याची सक्ती आहे, आणि कोणत्याही यंत्राने ती माफ केलेली नाही.

 सुट्टी लागली की कोल्हापूरच्या गाड्या घाट उतरून मालवणला जातात आणि सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या भरतात. त्यांत बसणाऱ्या प्रत्येकासाठी हे सांगणं आहे: होडीत बसताना लाइफ जॅकेट घाला. मर्यादेपेक्षा जास्त माणसं भरत असतील तर उतरा आणि पुढच्या फेरीची वाट पाहा. फोटोसाठी होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहून सुकाणूवरच्या माणसाची नजर अडवू नका, त्याला पुढचं पाणी दिसू द्या.