बीडीडीतला कान तुटलेला कप

चाळीतल्या शेजारधर्माबद्दल आपण सगळेच भरभरून लिहितो. मीही लिहिलंय. आज त्यातला राहून गेलेला भाग.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमची खोलीही रिकामी करायची होती, म्हणून भावाने आवराआवरीला बोलावलं. १६० चौरस फुटांची खोली, पण सामान दोन दिवस निघत होतं!

१९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. मजल्यावर मधोमध बोळ, समोरासमोर दारं, टोकाला सार्वजनिक संडास. दारं दिवसभर उघडी, हे खरंच. पण 'ही आपली बिल्डिंग, ती जयभीमवाल्यांची' हेही आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आजोबा गिरणीत साळखात्यात होते. तिथे दलितांना घेत नसत, कारण धोट्यातल्या सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे. उष्टं चाले, फक्त 'त्यांचं' नको. पगार मात्र याच खात्यात बरा. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. आजोबा हे सगळं गंमत म्हणून सांगत आणि आम्ही हसत असू.

बी.ए.ला माझी एक मैत्रीण पलीकडच्या बिल्डिंगमधली होती. दोघी मिळून अभ्यास करायचो. आई तिला प्रेमाने चहा द्यायची, पण कप वेगळा. कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. मला दिसत होतं. मी बोलले नाही.

५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेत दंगल पेटली. मग कित्येक दिवस गच्च्यांवरून दगड, सोड्याच्या बाटल्या. १० तारखेला परळच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडाने गेला. मैत्रिणीकडे जायला मला दोन मिनिटं लागली असती. मी गेले नाही. पुढे भेटलो, हसलो, पण पुस्तकं घेऊन ती पुन्हा आली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात आमचे बाबाही. माझ्या एका पगारात सात माणसं. एके संध्याकाळी मैत्रिणीचा भाऊ अर्धं पोतं तांदूळ दारात ठेवून गेला. त्यांच्याकडे दोघं सरकारी नोकरीत होते. आईने निमूटपणे तांदूळ निवडले, भात टाकला. त्या रात्री जेवताना कोणीच बोललं नाही.

नव्या इमारतीत घरं लॉटरीने मिळतात. शेजारी कोण येणार ते यंत्र ठरवणार. वहिनी म्हणाली, "चांगली माणसं मिळाली म्हणजे झालं." चांगली म्हणजे कशी, ते मी विचारलं नाही. सवय, दुसरं काय!

कप माळ्यावरच्या डब्यात निघाला. नातीने विचारलं, "आजी, हा फेकू?"

मी तो पिशवीत घालून घरी आणलाय. मैत्रीण हल्ली मुलाकडे असते, असं कळलं. नंबर मिळवलाय. अजून लावलेला नाही.