चुकीच्या लेबलाची बाटली

जून २०२० मध्ये दिल्लीतील तीस वर्षांच्या एका अविवाहित तरुणाला लिम्फोमाचे निदान झाले. केमोथेरपीपूर्वी त्याने आपले वीर्य गोठवून ठेवले. सप्टेंबरमध्ये तो गेला.

केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालते. शुक्राणू घडवणाऱ्या पेशीही त्यांतल्याच. म्हणून हे काम उपचारांआधीच उरकावे लागते.

ही सोय आपल्याला एका चुकीच्या लेबलामुळे लाभली. लंडनजवळच्या मिल हिल येथे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचे शुक्राणू शर्करेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. सतत अपयश, मग एका बाटलीने अचानक यश दिले. तपासले तर तिच्यात शर्करा नव्हतीच, होते ग्लिसरॉल! १९४९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या भौतिकीच्या माणसाला यातली गंमत अशी वाटते, की पेशीचा शत्रू निव्वळ थंडी नसतेच. पाण्याचा बर्फ होताना उरलेल्या द्रवात क्षार दाटत जातात, स्फटिक पेशीला इजा करतात. ग्लिसरॉल हे दोन्ही आघात सौम्य करते.

१९५३ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे बंज आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा साधली. पुढे उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आला. सत्तरच्या दशकात सिस्प्लाटिनमुळे वृषणाच्या कर्करोगातून तरुण मोठ्या संख्येने वाचू लागले आणि वाचल्यानंतरच्या आयुष्याचा प्रश्न तीव्र झाला.

दिल्लीच्या त्या तरुणाचा नमुना त्याच्या आईवडिलांना मिळेना. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्यांना सोपवण्याचा आदेश दिला: संमती सिद्ध होत असेल, तर मरणोत्तर प्रजननाला भारतीय कायद्यात मनाई नाही.